कुठलं ऑइल टाकू?

चोखंदळ : लाख-दीड लाखाची मोटरसायकल घेताना माणूस चार शोरूम पालथी घालतो. रंग, ॲव्हरेज, हप्ता, सीटची उंची, सगळं पारखून घेतो. आणि मोफत सर्व्हिसिंग संपल्या की गॅरेजच्या दारात गाडी लावून सांगतो, ‘ऑइल बदल, कुठलंही टाक.’ माझं भांडण या ‘कुठलंही’शी आहे. कारमध्ये इंजिन ऑइलला फक्त इंजिन सांभाळायचं असतं. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, क्लच कोरडा. आजच्या मोटरसायकलमध्ये क्रँक, पिस्टन, वर हेडमधला कॅम, खाली गिअरचे दाते आणि क्लच प्लेटा, सगळ्यांना एकच ऑइल. तेही शंभर सीसीच्या गाडीत जेमतेम एक लिटर. त्यातून ही इंजिनं बहुतेक हवेवर थंड होणारी, म्हणजे आतली उष्णता बाहेर आणण्याचा मोठा भारही ऑइलवरच. एवढी कामं ज्याच्याकडून करून घ्यायची, ते डबा न वाचता ओतायचं? डब्यावर बघायच्या गोष्टी तीन : दाटपणाचा ग्रेड, एपीआय या अमेरिकी संस्थेचा दर्जा आणि जासो या जपानी संस्थेचं चिन्ह. तिन्ही मॅन्युअलशी जुळले तर ऑइल योग्य, नाही तर अयोग्य.

शंकेखोर : इतकं सरळ असतं तर गॅरेजागॅरेजात एवढे वाद झाले नसते. तालुक्याच्या गावी सकाळी डेअरीपुढे उभे राहा. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेल्या स्प्लेंडर, प्लॅटिना रांगेने लागलेल्या असतात. त्यांच्यात कोण कुठलं ऑइल टाकतं? स्पेअर पार्टच्या दुकानात त्या दिवशी असेल ते. कुणी ट्रॅक्टरसाठी आणलेल्या १५डब्ल्यू-४०च्या बादलीतलं लिटरभर काढून ओततो. खडीच्या रस्त्यावर, दीडशे किलो वजन घेऊन या गाड्या लाखाच्या वर किलोमीटर जातात. मग एकदा इंजिनाचं काम निघतं, बोअर होतं, पिस्टन-रिंग बदलतात आणि गाडी पुन्हा डेअरीपुढे उभी. हे बघितल्यावर मला वाटतं, चांगल्या-वाईट ऑइलमधला फरक तुम्ही सांगता तेवढा मोठा नसावा. इंजिन दणकट आहे आणि आपल्याला भीती विकली जाते आहे.

चोखंदळ : डेअरीपुढे तुम्हाला चालणाऱ्या गाड्या दिसतात. ज्यांचा कॅम खाल्ला गेला, क्रँकचं बेअरिंग वाजायला लागलं, त्या भंगारवाल्याकडे असतात. त्यांच्यात काय टाकलं होतं हे कुणी विचारत नाही. पण झीज बाजूला ठेवू, ती दिसायला वर्षं लागतात. क्लचचं बघू, तो एका चढणीत कळतो. खंबाटकी घाटात मागे माणूस बसवून तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळा. इंजिनाचा आवाज वर चढतो, टॅकोमीटर असेल तर काटा उडी मारतो, आणि गाडी मात्र आहे त्याच वेगाने रखडते. प्लेटा एकमेकींवरून सटकत असतात. केबल सैल करून बघतात, स्प्रिंग बदलतात, शेवटी प्लेटांचा सेट बदलतात. कधी कधी दोष प्लेटांचा नसतोच, कारचं ऑइल टाकलेलं असतं. कारवाल्यांना इंधन वाचवायचं असतं, म्हणून त्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात, मॉलिब्डेनमची संयुगं वगैरे. कारच्या इंजिनाला ती उपकारक आहेत. पण मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि त्याचं सगळं काम घर्षणावर चालतं. नव्वदच्या दशकात अशी ऑइलं वाढली, तेव्हा जपानी मोटरसायकल कंपन्यांना हीच अडचण आली आणि १९९८ साली जासो टी ९०३ हे मानक निघालं. एका यंत्रावर क्लच प्लेटा त्या ऑइलमध्ये फिरवतात आणि तीन गोष्टी मोजतात : फिरताना किती घर्षण मिळतं, सुटण्याआधी प्लेटा किती ताण धरतात आणि थांबायला किती वेळ लागतो. घर्षण भरपूर मिळालं तर एमए, कमी मिळालं तर एमबी. २००६मध्ये एमएचे एमए१ आणि एमए२ असे दोन भाग केले, त्यात एमए२ची पकड जास्त. एवढी मेहनत भीती विकण्यासाठी कुणी करत नाही.

शंकेखोर : क्लचचं मान्य. पण माझा ट्रॅक्टरवाला तरीही उभा आहेच. त्याचा क्लच सटकत नाही, कारण डिझेलच्या १५डब्ल्यू-४० ऑइलमध्ये ती इंधन वाचवणारी द्रव्यं सहसा घालतच नाहीत. दुसरं, स्कूटर. स्कूटरला पट्ट्यावर चालणारा कोरडा क्लच, मागच्या गिअरचं ऑइल वेगळं. तिला एमबी सांगितलंय. गॅरेजवाला बॅरलमधलं एमए टाकतो आणि गाडीला काही होत नाही. ॲव्हरेज किंचित कमी मिळत असेल, इतकंच. तिसरं, जुनी ओतीव लोखंडाची बुलेट. तिचं इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, क्लच आपल्या स्वतंत्र पेटीत. तिच्या इंजिनात कारचं २०डब्ल्यू-५० वर्षानुवर्षं पडत आलं. म्हणजे तुमचं जासोचं चिन्ह एका विशिष्ट चुकीपासून वाचवतं : कारचं पातळ, इंधन वाचवणारं ऑइल ओल्या क्लचच्या गाडीत टाकू नका. चूक टाळणं वेगळं आणि ‘योग्य निवड’ वेगळी. निवडीचं अजून काही बोलणंच झालेलं नाही.

चोखंदळ : ट्रॅक्टरवाल्याला चाललं ते त्याच्या नशिबाने. त्या बादलीवर क्लचबद्दल कुणी शब्द दिलेला नाही. बाकी तुमचं खरं आहे, एमए किंवा एमए२ हा उंबरठा आहे. पुढचं काम ग्रेडचं. त्यातल्या आकड्यांचा अर्थ लोक उलटा लावतात. १०डब्ल्यू-३०मधला दहा म्हणजे थंडीतला आकडा. १०डब्ल्यू ऑइल उणे २५ अंशांवर इंजिन फिरू देईल इतकं पातळ राहायला हवं, २०डब्ल्यूची तीच परीक्षा उणे १५ अंशांवर होते. मागचा आकडा गरम ऑइलचा. १०० अंश सेल्सिअसला तीसच्या ऑइलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकच्या दरम्यान असतो, चाळीसचा १२.५ ते १६.३, पन्नासचा १६.३ ते २१.९.

शंकेखोर : मग महाराष्ट्रात त्या पहिल्या आकड्याची चर्चा कशाला? निफाडला थंडीची बातमी येते तेव्हा पारा चार-पाच अंशांवर असतो, उणे पंधरा नाही. आपल्या हवेला वीसवालंही पुरून उरतं. आपला प्रश्न मे महिन्याचा. चंद्रपूरला पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तिथला मेकॅनिक कंपनीचं तीसचं ऑइल सोडून चाळीस-पन्नास टाकतो, तेव्हा तो अडाणी म्हणून टाकत नाही. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात बाहेर पंधरा अंश वाढले की आत ऑइलही जवळपास तेवढंच जास्त तापतं. तापलं की पातळ होतं. रेडिएटर आणि थर्मोस्टॅटवाल्या गाडीत आतलं तापमान सांभाळलं जातं, तिथे माझं म्हणणं लागू नाही. पण आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांना रेडिएटर नाही. एकच आकडा चंद्रपूरला आणि महाबळेश्वरला कसा चालेल?

चोखंदळ : उणे पंधराचा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. परीक्षा तिथे घेतात, पण दाटपणाचा फरक काही तिथेच संपत नाही. ४० अंशांना १०डब्ल्यू-३० ऑइल साधारण ७० सेंटीस्टोकच्या आसपास असतं, २०डब्ल्यू-५० दीडशेच्याही वर. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करता तेव्हा ऑइल चाळीस अंशांचंही नसतं, वीस-पंचवीसचं असतं, म्हणजे आणखी दाट. खाली तळाशी बसलेलं हे ऑइल पंपाने उचलून वर कॅमपर्यंत जायचं असतं. दाट ऑइल उशिरा पोचतं. झीज धावताना कमी आणि अशा चालू करण्याच्या क्षणी जास्त होते. जो माणूस दिवसातून दहा वेळा गाडी बंद-चालू करतो, त्याला हा पहिला आकडा निफाडातही लागू आहे आणि चंद्रपुरातही. राहिलं उन्हाळ्याचं. होंडासारख्या कंपन्यांच्या कित्येक मॅन्युअलात हवेच्या तापमानाचा तक्ता असतो. आडव्या पट्ट्या असतात, १०डब्ल्यू-३० इथून इथवर, १०डब्ल्यू-४० इथवर, २०डब्ल्यू-५० या टोकाला. म्हणजे कंपनीलाही एकच आकडा देव वाटत नाही. तुमचा चंद्रपूरचा मेकॅनिक तो तक्ता न बघता त्याच उत्तरावर आला असेल. पण दोन पायऱ्या उडी मारून पन्नास टाकण्यापेक्षा त्याने १०डब्ल्यू-४० टाकावं. सकाळचंही सांभाळलं जाईल, दुपारचंही.

शंकेखोर : तुम्ही मॅन्युअल पुढे केलंत, तर त्याच्याबद्दल माझ्या मनातलं बोलतो. १९८५ साली सीडी १०० आली, १९९४ साली स्प्लेंडर. ९७ सीसीचं तेच घराणं, इंजिनाची मूळ बांधणी तीच. त्या काळात या इंजिनात २०डब्ल्यू-४० पडायचं. आज त्याच घराण्यातल्या गाडीला १०डब्ल्यू-३० सांगतात. तेव्हाची कंपनी चुकली होती की आजची? मला वाटतं, दोघीही चुकल्या नाहीत, त्यांचा हेतू बदलला. आज कंपनीला प्रदूषणाचे नियम पाळायचे असतात आणि लिटरमागे किलोमीटरचा आकडा दाखवायचा असतो. पातळ ऑइलने इंजिन हलकं फिरतं, तो आकडा वर जातो. माझा हेतू वेगळा आहे. मला ही गाडी पंधरा वर्षं वापरायची आहे आणि मग भाच्याला द्यायची आहे. कंपनीने चाचण्या नव्या इंजिनावर घेतल्या, माझ्या गाडीने ऐंशी हजार पार केलेत, रिंग सैल झाल्यात, ऑइल खाते आहे. त्या गाडीसाठी मॅन्युअल कुणी लिहिलं?

चोखंदळ : हा आक्षेप खरा वजनदार आहे. हेतूंबद्दल तुम्ही म्हणता ते मी नाकारणार नाही. फक्त त्या तीस वर्षांत ऑइलही बदललं, एवढं त्यात घाला. एपीआयच्या दर्जात एसएल २००१ला आला, एसएन २०१०ला, एसपी २०२०ला. प्रत्येक पायरीला काजळी धरून ठेवण्याची आणि तापून घट्ट न होण्याची परीक्षा कडक होत गेली. आजचं तीसचं ऑइल जुन्या वीस-चाळीसपेक्षा अनेक बाबतींत सरस आहे. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. दीडशे अंशांवर, बेअरिंगमध्ये चिरडलं जात असताना ऑइलचा थर किती जाड टिकतो, याचीही परीक्षा असते. तिथे तीसला किमान २.९ सेंटीपॉइज पुरतात, २०डब्ल्यू-४०ला ३.७ लागतात. हा फरक दर्जा वाढवून पुसला जात नाही. आणि मोटरसायकलमध्ये आणखी एक पेच आहे. गिअरचे दाते ऑइलमधल्या लांब रेणूंचे तुकडे करतात, त्यामुळे चाळीसचं स्वस्त ऑइल दोन-अडीच हजार किलोमीटरनंतर तीसच्या घरात उतरू शकतं. म्हणून ऐंशी हजारांच्या गाडीला, ऑइल खाणाऱ्या गाडीला एक पायरी दाट ऑइल द्या, माझी ना नाही. पण ते औषध समजू नका. दाट ऑइल टाकल्यावर टॅपेटचा आवाज दबतो आणि मालक म्हणतो, इंजिन कसं मऊ झालं. टॅपेटची फट तेवढीच असते, आवाज तेवढा झाकला जातो. फीलर गेजने ती फट बसवणं हे खरं काम, आणि त्याला ऑइलच्या डब्याहून कमी पैसे लागतात.

शंकेखोर : पैशांचा विषय काढलात, तर सिंथेटिकचा हिशेब मांडू. साधं मिनरल ऑइल लिटरला चारशेच्या आसपास, पूर्ण सिंथेटिक आठशे-हजार. एवढे जादा पैसे कशाचे? खनिज तेल साफ करून बेस ऑइल काढतात. आपल्याकडे माहुलला हिंदुस्थान पेट्रोलियमच्या रिफायनरीत ते निघतं. ते हायड्रोजनच्या दाबाखाली आणखी शुद्ध केलं की तिसऱ्या गटाचं बेस ऑइल होतं. चौथा गट खरोखर प्रयोगशाळेत जोडलेल्या रेणूंचा. १९९९मध्ये अमेरिकेत कॅस्ट्रॉल आणि मोबिल यांच्यात वाद झाला. तिसऱ्या गटालाही सिंथेटिक म्हणता येईल, असा कौल तिथल्या जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या मंडळाने दिला. तेव्हापासून डब्यावरच्या त्या शब्दाखाली दोन्ही विकता येतात आणि मला कुठलं मिळालं ते डबा सांगत नाही. ब्रँडचंही तसंच. त्यात मिसळायची द्रव्यं बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्या चारच : लुब्रिझॉल, इन्फिनियम, ऑरोनाइट, ॲफ्टन. लुब्रिझॉलचा कारखाना आपल्या तुर्भ्यात आहे. डब्यावरचे रंग दहा, आतला माल चार स्वयंपाकघरांतला.

चोखंदळ : स्वयंपाकघर एक असलं तरी पैसे मोजाल तसा पदार्थ मिळतो. त्याच कंपनीकडून कुणी किमान परीक्षेपुरती द्रव्यं घेतो, कुणी जास्त. पण तुमच्या बोलण्यातला मथितार्थ मला मान्य आहे : ‘सिंथेटिक’ या शब्दाला पैसे देऊ नका, कामाला द्या. काम काय? तापून लवकर बिघडत नाही, गिअरमध्ये लवकर पातळ होत नाही, लेहसारख्या ठिकाणी उणे तापमानात सकाळी घट्ट बसत नाही. आता हिशेब. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरा. मिनरल दर तीन हजारांना, म्हणजे चार लिटर, सोळाशे रुपये. सिंथेटिक नऊशेचं, दर सहा हजारांना, अठराशे रुपये. फरक दोनशेचा. पण आपले लोक सिंथेटिक टाकतात आणि मनाची खात्री म्हणून तेही तीन हजारांनाच बदलतात. मग छत्तीसशे होतात. ज्या गुणासाठी जादा पैसे मोजले, तो गुण वापरण्याआधीच ऑइल उतरवलं जातं. हे मला सगळ्यात खटकतं.

शंकेखोर : मला ते खटकत नाही. तिथे आपले मार्ग खरोखर वेगळे होतात. किलोमीटर हे मोजमापच फसवं आहे. पुण्यात घरपोच जेवण पोचवणारा मुलगा दिवसभर सिग्नलला, सोसायटीच्या गेटवर, हॉटेलच्या दारात इंजिन चालू ठेवून उभा असतो. मीटर फिरत नाही, ऑइल मात्र तापत असतं, आणि समोरून वाराही नसतो. त्याचे तीन हजार किलोमीटर म्हणजे महामार्गावरच्या माणसाचे सहा हजार तरी. उलट टोकाला शाळेचे मास्तर, रोज घर ते शाळा दोन किलोमीटर. इंजिन पुरतं तापतच नाही. आतली वाफ पाणी होऊन ऑइलमध्ये उतरते, न जळलेलं पेट्रोल रिंगमधून खाली झिरपतं. वर्षाला दोन हजार किलोमीटर होतात आणि झाकण उघडलं तर आत दुधाळ थर. कोकणच्या किनाऱ्यावर भाड्याने फिरवतात त्या एटीव्ही बघा. दिवसभर वाळूत, पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या ताणात, गाडी कासवाच्या गतीने आणि इंजिन पूर्ण जोरात. म्हणूनच अशा गाड्यांच्या मॅन्युअलात तास, किलोमीटर आणि महिने असे तिन्ही आकडे देतात, जो आधी येईल तो. आपल्या मोटरसायकलला तासांचा आकडा कुणी देत नाही. आणि शंभर सीसीच्या त्या गाडीत कागदी फिल्टर नसतो, एक जाळी आणि गरगर फिरवून कचरा कडेला फेकणारी एक वाटी, बस. ऑइल कितीही महाग असो, आत गेलेली धूळ आणि झिजलेली धातूची भुकटी ते पचवत नाही. ती बाहेर काढायचा मार्ग एकच, ऑइल उतरवणं. म्हणून स्वस्त ऑइल, पण वेळच्या वेळी. हौसेच्या ऑइलपेक्षा मला हे शहाणपण वाटतं.

चोखंदळ : धूळ आत येते एअर फिल्टरमधून. रस्त्याची कामं चालू असलेल्या भागात दीडशे-दोनशे रुपयांचा एअर फिल्टर वेळेवर बदललात, तर ऑइल घाई करून बदलायची अर्धी कारणं संपतात. आणि तुमच्या शहाणपणाचा एक खर्च तुमच्या हिशेबात दिसत नाही. या देशात वीस कोटींच्या वर दुचाकी आहेत. प्रत्येकाने सहाऐवजी तीन हजारांना ऑइल उतरवलं, तर ते काळं ऑइल जातं कुठे? कायद्याने तो घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४पासून ऑइल विकणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करून शुद्ध करवण्याची जबाबदारी टाकली आहे. पण तुमच्या-माझ्या गल्लीतल्या गॅरेजात ते पत्र्याच्या डब्यात साठतं. कुणी सेंट्रिंगच्या प्लेटांना फासायला नेतो, कुणी लाकडाला वाळवी लागू नये म्हणून, उरलेलं गटारात. तुम्ही इंजिन स्वच्छ ठेवता आणि विहीर घाण करता.

शंकेखोर : हे लागलं. खोटं सांगत नाही, मी ते मोजलं नव्हतं. पण त्याचा उपाय ऑइल जास्त दिवस ठेवणं हा नसून गॅरेजातून ते नीट उचललं जाणं हा आहे. गरीब माणसाने आपल्या पोटापाण्याच्या गाडीचा धोका पत्करून व्यवस्थेची उणीव भरून काढावी, हे मला मान्य नाही. त्याचं इंजिनाचं काम निघालं तर सात-आठ हजार जातात आणि चार दिवसांची रोजी बुडते. तुम्ही म्हणता सहा हजार चालेल. कशावरून? तुमच्याकडे प्रयोगशाळा आहे? मोठ्या ट्रकच्या ताफ्यात ऑइलचा नमुना तपासून घेतात, त्यात लोखंड किती, पाणी किती, दाटपणा किती राहिला ते कळतं. एक लिटर ऑइलच्या मोटरसायकलला ती तपासणी ऑइलपेक्षा महाग पडते. म्हणजे तुम्ही डब्यावर विश्वास ठेवता, मी किलोमीटरवर. आत काय चाललंय हे दोघांनाही दिसत नाही.

चोखंदळ : अगदीच दिसत नाही असं नाही. रंगावर जाऊ नका, काळं झालेलं ऑइल बहुधा आपलं काम करत असतं, काजळी अंगावर घेत असतं. गरम ऑइलचा एक थेंब टिपकागदावर टाकून रात्रभर ठेवा. डाग बाहेर पसरत गेला, कडा फिकट होत गेली, तर ऑइल अजून घाण पसरवून धरतंय. मधेच काळा घट्ट ठिपका आणि भोवती पिवळट पाण्यासारखं कडं दिसलं, तर त्याची शक्ती संपली. ही प्रयोगशाळा नाही, पण अंधारापेक्षा बरं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट पातळीची. गाडी मेन स्टँडवर सरळ घ्यायची, दोन-चार मिनिटं इंजिन चालवायचं, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबायचं. डिपस्टिक काढून पुसायची आणि शंभर सीसीच्या गाडीत आटे न आवळता नुसती टेकवून परत काढायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. ज्या गाड्यांना बाजूला गोल काच असते तिथे तर वाकून बघायचंय फक्त. एक लिटरपैकी तीनशे मिली जळून गेलं, तर उरलेलं जगातलं सर्वोत्तम असलं तरी वरच्या कॅमला पुरणार नाही. उलट, नऊशे मिलीच्या गाडीत ‘डबा कशाला उरवायचा’ म्हणून अख्खा लिटर ओतणारेही आहेत. मग ऑइल फेसाळतं आणि ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरकडे जातं.

शंकेखोर : पातळीवर आपलं एकमत. मी तर म्हणेन, तुमच्या त्या ग्रेड-दर्जाच्या चर्चेआधी हे शिकवा. इंजिनं चुकीच्या ऑइलने जातात त्याहून जास्त ऑइल संपल्याने जातात. पण मला शेवटची शंका विचारू द्या, कारण ती बाकी सगळ्यांच्या मुळाशी आहे. डब्यावरचं तुम्ही वाचता : १०डब्ल्यू-३०, एसएल, जासो एमए२. डब्यात तेच आहे कशावरून? नामांकित ब्रँडचे रिकामे डबे गोळा करून त्यात जुनं ऑइल गाळून भरणारे धंदे बाजारात आहेत. सील हुबेहूब, छपाई हुबेहूब. सुट्या बॅरलमधून मापाने देतात तिथे तर डबाही नसतो. ज्या माणसाने चार पैसे जास्त देऊन महाग ऑइल निवडलं, त्याचीच फसवणूक जास्त, कारण नकली माल महागाच्याच डब्यात भरतात. साधं, कमी किमतीचं, सरकारी कंपनीच्या पंपावरून घेतलेलं ऑइल मला म्हणूनच सुरक्षित वाटतं.

चोखंदळ : पंपावरून किंवा कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, मीही तेच सांगतो, आणि साधं घ्यायचं असेल तर साधं घ्या. मॅन्युअलात सांगितलेला ग्रेड आणि एमए असलेलं चारशेचं खरं ऑइल, हजाराच्या संशयास्पद सिंथेटिकपेक्षा केव्हाही चांगलं. माझा सहा हजारांचा आग्रह मी सोडत नाही. महामार्गावर चालणाऱ्या, एअर फिल्टर सांभाळलेल्या, ऑइल न खाणाऱ्या गाडीला तो बसतो.

शंकेखोर : आणि घरपोच जेवण पोचवणाऱ्या मुलाला, मास्तरांना, एटीव्हीवाल्याला तो बसत नाही. मी त्यांना तीन हजार, नाही तर सहा महिने, जे आधी येईल ते, असंच सांगत राहणार. उन्हाळ्यात ग्रेड एक पायरी वर न्यायची की नाही, हे त्यांच्या मेकॅनिकने इंजिन ऐकून ठरवावं.

चोखंदळ : ऐकून नाही, आधी टॅपेट मोजून.

शंकेखोर : बरं, मोजून. एका गोष्टीत मात्र दोघांनी मिळून लोकांना सांगू. ऑइल बदलताना गाडीजवळ उभे राहा. सील आपल्यासमोर फोडायला लावा, मापाने ओतायला लावा, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. उतरवलेलं ऑइल गटारात न टाकता भंगार ऑइल उचलणाऱ्याकडे देणारं गॅरेज धरा, आणि गॅरेजवाला ते कुणाला देतो हे त्याला विचारा.

चोखंदळ : आणि निघण्यापूर्वी रिकामा डबा तिथल्या तिथे कापून घ्या. कापलेला डबा पुन्हा भरता येत नाही.